लिंबोनीची वाडी

प्रिय काका,

उद्या तुमचं बारावं, आणि बाबा अजून ‘मी जानार नाय’ म्हणून बसले आहेत. तुम्हाला खांदा द्यायलाही ते उठले नाहीत. तुम्हाला आमच्या दारावरून नेलं, तेव्हा सख्खा भाऊ ओट्यावर पाठ फिरवून बसला होता. मी पत्र लिहिणारी बाई नाही. ऑफिसात लिहिते तेवढंच. पण दहाव्याला काकूने माझ्या हातात एक कागद दिला आणि तेव्हापासून, तुमच्याशी आधी बोलल्याशिवाय बाबांशी बोलायला तोंड उघडत नाही.

खरं सांगते, कागद घेतानाही माझ्या मनात संशयच होता. हिला आता आमच्याकडून काय हवं असेल? घरी येऊन मी तो उजेडात धरला. शाई एकच आहे ना, मागाहून काही घुसडलेलं नाही ना, ते पाहिलं. तेरा वर्षांची सवय अशी एका दिवसात जाते का?

आता या भागात नवीन राहायला आलेल्या कुणाला सांगितलं, की या इमारतींच्या जागी तुमची आणि बाबांची लिंबांची वाडी होती, तर ते नुसती मान हलवतात. खाली खाडीकडे भातखाचरं आणि मिठागरं, आणि गावठाणाच्या मागे डोंगराच्या अंगाला ती एवढीच गोड माती. तुम्ही झाडांच्या बुडाशी मासळीची डोकी पुरायचात. लिंबू कधी ओढून तोडू द्यायचा नाहीत, पिरगळून काढायला लावायचात. पातळ सालीची लिंबं म्हणून ठाण्याच्या बाजारात आपली पाटी लगेच रिकामी व्हायची. आता पलीकडे मोठा बाजार आला आहे. त्यात कुठून कुठून लिंबांचे ट्रक येतात आणि आपलं गाव लिंबं विकत घेतं!

तेव्हा मी तुम्हाला ‘अरे काका’ म्हणायचे. आठवतं? ‘तुम्ही’ म्हणायला लागले ते पंचनाम्यानंतर. परक्या माणसाला म्हणावं तसं.

मी मॅट्रिक पास झाले त्याच वर्षी पंचनाम्याचा तो साहेब आला. जमिनी जाणार, नवं शहर होणार, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. बाबा त्या दिवशी आजीला घेऊन ठाण्याला डॉक्टरकडे गेले होते. पंच म्हणून तुम्ही होतात. पाऊस नुकताच उघडला होता, बांधावर चिखल होता, आणि साहेब तुमच्या ओट्यावर बसूनच लिहीत होता. वाडीत गेलाच नाही. तुम्ही कागदावर अंगठा दिलात.

पुढे बाबांनी अर्ज केला, की गावठाणाला लागून आमची बाग आहे, तेवढी आम्हाला ठेवा. उत्तर आलं की नोंदीप्रमाणे तिथे बाग नाहीच, रानझाडं आहेत. बाबा तो कागद घेऊन तुमच्या दारात आले. म्हणाले, “उभ्या बागेला रान बोललास? काय मिलालं तुला?” तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, “दादा, मी बाग बोल्लो.” त्यापुढे एक अक्षर नाही. का नाही बोललात?

मग आम्ही काय समजायचं? सहा महिन्यांत तुमचा रमेश रबाळ्याच्या कारखान्यात लागला. गावात आणखी दहा जण लागले होते, पण आम्हाला रमेशच दिसला. आई म्हणाली, बघा, वाडी कुठे गेली ते. बाबा म्हणाले, अंगठा फुकट उठत नाही. मीही मनात हिशेब जुळवून टाकला.

वाडीतलं एक रोप तुम्ही घरामागे आणून लावलंत. त्याला फळ धरलं तेव्हापासून दर उन्हाळ्यात आमच्या ओट्यावर फडक्यात बांधलेली लिंबं असायची. बाबा ती उकिरड्यावर टाकायला लावत. टाकायला मीच जायचे. अपराधी माणूसच असं गुपचूप काही ठेवून जातो, असं मला वाटायचं. एकदा तुम्ही वळणावर उभे राहून मला टाकताना पाहत होतात. तुम्ही हसलात. त्या हसण्याचाही मला संशय आला.

आता त्या कागदात काय आहे ते सांगते. तुम्हाला ते ठाऊक होतं, तरी सांगते. शेवटी लिहिलं आहे, ‘पंचाची भाषा नीट न समजल्याने त्यांची पुतणी कुमारी सुलोचना, मॅट्रिक पास, हिला विचारले. झाडे लिंबाची असल्याचा तिने खुलासा केला. सबब लिंब, रानझाडे.’

काका, ते वाचलं आणि तो ओटा जसाच्या तसा समोर आला. साहेबाने विचारलं, झाडं कसली? तुम्ही म्हणालात, “लिंबोनीची.” त्याने कपाळाला आठ्या घातल्या. “लिंबोळी? लिंबोळी म्हणता का?” तुम्ही पुन्हा म्हणालात, “लिंबोनी, लिंबोनी. चला सायेब, दाखवतो.” तेव्हा दारात मी उभी होते. मला तुमच्या बोलण्याची लाज वाटली. शिकलेली मी! पुढे होऊन मी शुद्ध भाषेत सांगितलं, “लिंबाची झाडं आहेत, साहेब.” त्याने मान डोलावली, मला शाबासकी दिली आणि लिहून टाकलं.

तो साहेब घाटावरचा होता. घाटावर लिंब म्हणजे कडुलिंब.

हे मला कळायला हवं होतं. नोकरी लागल्यावर पहिल्याच पाडव्याला ऑफिसातल्या साताऱ्याकडच्या शिंदेबाईंनी मला लिंबाचा डहाळा आणायला सांगितला. मी लिंबांच्या पानांचा काटेरी डहाळा घेऊन गेले. “अगं बाई, गुढीला सरबत पाजायचंय का?” म्हणून त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मीही हसले. काका, तेव्हा मला ओटा आठवला नाही, की मी तो आठवू दिला नाही? आता मला माझाच संशय येतो.

गेल्या साली वाडीच्या जागेवर, इमारतींच्या मधे, छोटं उद्यान झालं. दारात पाटी लावली आहे, ‘येथे पूर्वी लिंबाचे बन होते.’ आत ओळीने कडुलिंब लावले आहेत. कागद बघूनच लावले असणार. माझ्या एका शब्दातून उगवलेली झाडं ती!

काकू म्हणाली, कागदाची नक्कल तुम्ही आठ वर्षांपूर्वीच काढली होती. पावणे गावच्या एका मास्तरांकडून वाचून घेतलीत. तो कागद बाबांपुढे टाकला असतात तर तुमचा डाग त्याच दिवशी पुसला गेला असता. काकूने तसं सांगितलंही होतं. तुम्ही तिला म्हणालात, “पोर शिकून मोटी झालीय. दादा बोलंल, शालेत घातली ती यासाठी? तिचं नाव कुनापुढं काढाचं नाय.”

मला राग येतो तुमचा. एवढं कशाला सोसायचं? मला बाजूला बोलावून एकदा दोन थोबाडीत का दिल्या नाहीत? की मी स्वतःहून येईन म्हणून वाट पाहत होतात? दर उन्हाळ्यात ती लिंबं ठेवून तेच विचारत होतात का?

आता तुला ‘तुम्ही’ म्हणवत नाही, काका.

तुला शब्द देते. हे पत्र मिटलं की मी ओट्यावर बाबांसमोर बसेन आणि कागद मोठ्याने वाचेन, माझ्या नावासकट. ते ओरडतील. माझ्या शाळेचा उद्धार करतील. कदाचित माझ्याशीही बोलणं टाकतील, आणि आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत. तरी वाचेन. उद्यानाच्या पाटीसाठी अर्जही करीन. पण आधी बाबा.

सकाळी तुझ्या झाडाची लिंबं काढून आणली आहेत, पिरगळून. उद्या बारा वाजता तुझ्या अंगणात पंगत बसेल. बाबांच्या नावाचं पान मी मांडणार आहे आणि मिठाशेजारी फोड ठेवणार आहे. ते आले आणि विचारलं, की ही कुठली, तर सांगेन, लिंबोनीची. नाही आले, तर त्या पानासमोर उभी राहून सगळ्या गावाला सांगेन.

तुझी,
सुली