उघड्या डोळ्यांचा फोटो

३ फेब्रुवारी, मंगळवार
दिग्रसला सुखरूप स्थापना झाली. तालुका वार्ताहराचं कार्यालय म्हणजे कापसाच्या जिनिंग मिलच्या गल्लीतली एक खोली, दोन खुर्च्या आणि एक संगणक. पंचवीस वर्षं पाठशाळेत विभक्त्या घोकवल्यावर आता भूमिपूजनांच्या बातम्या द्यायच्या. अवतारकार्य कुणाला चुकलंय! संगणक लावला तर स्क्रीन काळी, तीवर पांढरी इंग्रजी अक्षरं. चित्र नाही, खिडक्या नाहीत, माऊसचा बाणही नाही. साक्षात निर्गुण निराकार. शेजारच्या दुकानातला फिरोज मेकॅनिक आला. त्याने आतलं ग्राफिक कार्ड काढून शाळकरी खोडरबराने घासलं. विचारलं, वैद्यराज, याने पापही निघतं का? म्हणाला, कार्बन निघते सर, पापाची गॅरंटी नाही. तासाभरात स्क्रीन उजळली. चहा झाला. माणूस आवडला.

५ फेब्रुवारी, गुरुवार
सत्यशीलाबाई नावाच्या एक बाई आल्या. यजमान उकंडाजी नुकतेच वारले, रविवारी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे त्यांच्या स्मरणाचा, कार्यक्रम आहे. आधार कार्डावरच्या फोटोत ते स्वतःलाही ओळखू आले नसते. दुसरा फोटो एकच, तोही गेल्यानंतर पुतण्याने मोबाइलवर काढलेला. डोळे मिटलेले. अशा फोटोचे डोळे उघडून द्यायची इथे रीत आहे: कुणा जित्या माणसाचे डोळे उचलायचे, वर बसवायचे. माझ्याआधीचा वार्ताहर आनंदाने करून द्यायचा म्हणे. मिटल्या डोळ्यायपुढं फुलं वाहाले कसंतरीच वाटते भाऊ, बाई म्हणाल्या. मी हो म्हटलं. सकाळी संगणकाचा कॅमेरा तपासताना फिरोज समोर बसला होता, त्याचा फोटो हाताशी होता. न विचारता डोळे घेतले. बसलेही झकास. मूळ फोटोची प्रत ठेवायची असते हे ठाऊक नव्हतं. त्याच्यावरच सेव्ह केलं. प्रिंट निघाली आणि स्क्रीन पुन्हा काळी झाली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
फिरोजला काल संध्याकाळपासून दिसत नाही. त्याची बायको जेबा त्याला यवतमाळला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मी थट्टेने म्हणालो, यंत्राचा रोग वैद्याला लागला. फिरोज हसला. जेबा हसली नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
पुण्यानुमोदनाहून थेट फिरोजकडे गेलो. तो म्हणाला, दिसते सर, पण इथलं नाही दिसत. पांढऱ्या कपड्यातले लोक रांगेनं येऊन राह्यले, माझ्यापुढं वाकून राह्यले, फुलं ठेवून राह्यले. त्यात तुम्हीही होते सर. तुमच्या शर्टाचं दुसरं बटन उघडं होतं.
खाली पाहिलं. उघडंच होतं.

९ फेब्रुवारी
फिरोजला फोनवर ठेवून चाचणी घेतली. सत्यशीलाबाईंच्या घरी गेलो; त्या पाणी आणायला आत गेल्या तेव्हा फोटोची फ्रेम भिंतीकडे फिरवली. फोनवर फिरोज किंचाळला. सरळ केली, थांबला. पुन्हा फिरवली. खात्रीसाठी.
एकदाच पुरेसं होतं, हे मलाही कळत होतं.

११ फेब्रुवारी
फिरोजचा तर्क असा: फोटोत दुसरे डोळे बसवले तर त्याचे सुटतील. पण फोटो संगणकात, आणि स्क्रीन काळी. दुरुस्ती फक्त त्याला येते, दिसतं फक्त मला. तो एकेक अक्षर सांगतो, मी टंकतो, यंत्र काय म्हणतं ते वाचून दाखवतो. यंत्र म्हणतं, स्क्रीन सापडत नाही. पुन्हा पहिल्यापासून.
त्याला झोप नाही. ती बाई रोज माझ्यासमोर बसून रडते सर, म्हणाला. मले तिकडं पाहाचं नाही. पण फोटोले पापणी मिटता येते काय?

१३ फेब्रुवारी
जेबा दारात उभी राहून म्हणाली, तुमचेच लावा ना सर.
न्याय्य आहे. अगदी न्याय्य. पण माझं अजून किती वाचायचं राहिलंय —

१४ फेब्रुवारी
स्क्रीन चालवणारा जुना ड्रायव्हर प्रोग्राम काढला. नवा टाकला. शेवटची ओळ फिरोजने तीनदा म्हणवून घेतली. एंटर — उजळली. उकंडाजी. मी डावीकडे सरकलो तर नजरही —

इतक्यात सत्यशीलाबाई आल्या. डब्यात खीर. स्क्रीन बघून थबकल्या. हे त्यायचे डोळे नोहत भाऊ, म्हणाल्या. बदलतोच आहे, म्हटलं. कुणाचे लावता? मी फोटो मोठा केला.
मग माझेच लावा ना, बाई म्हणाल्या. खुर्ची ओढून कॅमेऱ्यापुढे बसल्यासुद्धा. चाळीस वर्सं या डोळ्यायनंच तर पाह्यलं त्यायले.
फिरोज भिंतीला टेकून ऐकतो आहे.

कॅमेऱ्याचा दिवा लागला. यंत्र वेळ घेतंय, म्हणून हे लिहितो. बाईंनी पदर नीट केला. विचारतात, हसू का जरासं. डोळे जातील, हे सांगायला हवं. एका वाक्याचं काम —
सांगितलं. पापणी मिटू नका, सत्यशीलाबाई. जरा पुढे — हो, अशाच —