चिमे, जेवलीस का?

मंगळवार, २० मार्च

प्रिय दादा,

साधाच नमस्कार. साष्टांग घालण्याइतका राग अजून ओसरलेला नाही.

कागदावर लिहितेय, कारण तुमच्या ॲपवर लिहिलं तर तुमचा आकडा वाढेल आणि आमच्या ॲपवर लिहिलं तर आमचे साहेब वाचतील. आई बरी आहे. गुडघा दुखतो, आणि 'तुम्ही दोघं बोलत का नाही' असं विचारताना जरा जास्तच दुखतो.

मी तुमच्या प्रतिस्पर्ध्यांकडे नोकरी धरली तेव्हा तू काय म्हणालास, आठवतंय? "तिथे डोकं चालवायला नाही, डोळे चालवायला पगार देतात." मी म्हटलं, "आणि तुमच्या ॲपची ती घंटी कुणाची ढापलेली?" झालं! वर्षभर तू माझ्याशी बोलला नाहीस आणि मी तुझं ॲप उघडलं नाही. शपथच घेतली होती.

तर तुझं म्हणणं खरं निघालं. तुमचं कामांच्या यादीचं ॲप लोकांना आवडतंय म्हटल्यावर साहेबांनी हुकूम सोडला, "आपणही अगदी असंच करायचं, पण संपूर्ण नवीन." शेजारच्या टीमने तुमचा एकेक स्क्रीन समोर ठेवून गिरवला. काल मोठ्या खोलीत सगळ्यांना दाखवलं. साहेबांनी यादीतल्या शेवटच्या कामावर खूण केली आणि भिंतभर अक्षरं उमटली: 'चिमे, जेवलीस का?'

साहेब म्हणाले, "ही ओळ लोकांना फार भिडते. चिमे म्हणजे काय, यावर आपलं संशोधन चालू आहे."

दादा, मला चिमी म्हणणारी माणसं जगात दोनच. त्यातल्या आईला अजून साधा फोटो पाठवता येत नाही. म्हणजे तुमच्या ॲपमधून तू रोज विचारत होतास आणि मी हट्टाने बघितलंच नाही. सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. साहेबांना वाटलं, ॲपचा परिणाम. त्यांनी तशी नोंद करायला सांगितली.

मग मला राहवेना. म्हटलं, "साहेब, चिमी मीच. ओळ माझ्या भावाची आहे. काढून टाका."

साहेब खुर्चीतून उठलेच. "म्हणजे चिमी आपली कर्मचारी! मग कल्पना मुळात आपलीच की! त्यांनीच ढापली!" टाळ्या पडल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी समोर बसून ऐकल्या. तेव्हा कागदोपत्री आता चोर तू आहेस.

त्या ओळीचं काम त्यांनी माझ्याच गळ्यात घातलं. आजच बदलली मी. सगळी कामं संपली की आता आमच्याकडे येतं: 'जेवले रे. तू घरी कधी येतोस?'

तुमचे लोकही आमचं काही सोडत नाहीत. शुक्रवारपर्यंत ही ओळ उचलतीलच, आणि गिरवायला तुझ्याच टेबलावर येईल. तेवढी एक नक्कल करू नकोस, दादा. उत्तर दे. मला तुझी फार आठवण येते.

तुझीच (हे मात्र कुणाला ढापता यायचं नाही),
चिमी