पाटीवरचं क्रियापद

गुरुवार, ४ मे

नाही लिहिणार! दा हम्मूंनी कितीही डोळे वटारले तरी 'डोनेटेड' लिहिणार नाही.

पाण्याच्या नव्या टाकीवर पाटी लावायची आहे, इंग्रजीत. पैसे देणाऱ्या संस्थेचे पाहुणे परदेशातून येणार ना! इंग्रजी येणारा गावात मी एकटा — कॉलेज अर्ध्यावर सोडलेला का असेना. संस्थेने मजकूर धाडलाय: पंप आणि टाकी संस्थेने 'डोनेट' केली, गावकऱ्यांनी 'असिस्ट' केलं.

वा रे वा! डोंगर फोडून चर कोणी खणला? सगळा हिवाळा घरटी एक माणूस तिवीझीला, गावाच्या सामायिक कामाला, होता. तिवीझीत कोणी कोणाला देत नाही. आज सगळे तुझ्या शेतावर, उद्या माझ्या. संपलं.

दा हम्मू गावाचे प्रमुख. म्हणाले, "अद्दी, शब्दाने काय पाणी खारट होतंय? वरच्या वाडीची पाइपलाइन अजून त्यांच्या हातात आहे." मग हळूच — "ती अडली, तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

त्यांचं दार म्हणजे त्यांच्या लेकीचं, इट्टोचं दार. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक आहे!

शुक्रवार, ५ मे

नमाजानंतर चहाच्या दुकानात भडका. बासू मास्तरांनी मजकूर वाचला. त्यांचं सगळं शिक्षण फ्रेंचमधलं. "असिस्ट म्हणजे हजर राहणं! फावडी खांद्यावर टाकून आपण काय तमाशा बघत होतो?"

म्हातारा मोहा बोट नाचवत उठला. "हे दगडाखाली चेचलं, तेही नुसतं हजर होतं का?"

मी म्हटलं, "मास्तर, ते फ्रेंचमध्ये. इंग्रजीत असिस्ट म्हणजे मदत करणं." सगळे शांत झाले — आणि माझंच डोकं सटकलं. मदत? कोणाला? झरा आमचा, तहान आमची, चर आमचा, आणि मदतनीस आम्ही? मास्तरांची चूक बरी होती की!

रविवार, ७ मे

इट्टो सुट्टीला आलीय. झऱ्यावर भेटली.

"कॉलेज सोडताना इतका विचार केला होतास का रे, जितका या एका क्रियापदाचा चाललाय?"

लागलं. पण हसत म्हणाली, म्हणून माफ.

"मग काय लिहिणार, पंडित?"

"काँट्रिब्यूट. डोनेट करणारा वरून टाकतो आणि निघून जातो. काँट्रिब्यूट करणारा आपल्या शेजारी बसतो. पंप त्यांचा वाटा, चर आपला."

"साधं गिव्ह का नको?"

"त्यात घेणारा हात खालीच राहतो."

घडा भरून वाहायला लागला तरी ती बघत राहिली. मग म्हणाली, "लिही. पण बाबांना मी समजावणार नाही. ते तुझं तू निस्तर."

मंगळवार, ९ मे

'काँट्रिब्यूटेड' रंगवलं. दोन्ही नावांपुढे तेच. लाल रंगात!

शुक्रवार, १२ मे

संस्थेच्या आनेलीसबाई आल्या. पाटी वाचली. दा हम्मूंचा चेहरा चुन्यासारखा.

"मजकूर बदललात."

"बदलला." का, तेही सांगितलं, तिवीझीसकट. वर म्हटलं, पाइपलाइन द्या नाही तर नका देऊ, पाटी हलणार नाही! दा हम्मूंसाठी भाषांतर करताना मला हे शेवटचं गाळावंसं वाटलं. गाळलं नाही.

बाई म्हणाल्या, "वाटा म्हटलं की दुरुस्तीतही वाटा आला. पंप बिघडला तर एकट्या आम्हाला हाक मारायची नाही."

"मंजूर!" — गावाला न विचारताच बोललो मी! भाषांतर केलं तेव्हा घाम फुटला. मागून दा हम्मूंचा आवाज: "मंजूर म्हणून सांग तिला."

बाई आमच्याच ताटात जेवल्या. वरच्या वाडीचं काम शरदात सुरू!

निघताना दा हम्मूंनी माझं मानगूट धरलं. "डोकं फिरलेलं आहे तुझं. पण मान ताठ आहे. आईला चहाला पाठव. इट्टो तुला दिली."

दिली! दिली!! अंगणात नाचलो. आई म्हणाली, वेडा झाला.

रविवार, १४ मे

कॉलेजवरून इट्टोचा निरोप, फोनवर: "बाबांनी दिली, तू घेतलीस आणि नाचलास. मी काय पंप आहे? मला कोणी विचारलं?"

पहिल्या टॅक्सीने बेनी मलालला, तिच्या कॉलेजवर निघालोय. विचारायला.