आमच्या पायरीवरचा मेजर

३ फेब्रुवारी १९४८, मंगळवार

दिव्याची वात बारीक ठेवून लिहितोय. अक्षर पुढे वाचता येणार नाही. न येवो.

दिवेलागणीला आले. गांधीजींना मारणारा आमच्या जातीचा, एवढ्यावर. बातमी आल्यापासून सौ. म्हणत होती, पालीला माझ्या माहेरी जाऊ. मीच शहाणा. म्हटलं, नाटकातला निवृत्त नट मी, तीस वर्षं लुगडी नेसून नायिका केल्या, याच गावानं वन्समोर दिले, मला कोण हात लावतोय? आले ना हात लावायला! मशाली घेऊन! बाहेरगावचे जास्त होते. पण मागे पांडू नाखवा दिसला. पांडू! याच्या बहिणीच्या लग्नात मी फुकट पेटी वाजवली होती.

कडी लावली, दाराला पाटा लावला, वर सौ. स्वतः पाठ लावून बसली. मी खिडकीच्या फटीतून पाहतोय. तेवढ्यात शेजारच्या पारशाच्या बंगल्यातून मेजर आले. तो गोरा, बंगल्याची राखण करतो तो. अंगात पितळी बटणांचा खाकी कोट. आमच्या वाडीतून सरळ चालत येऊन आमच्या पायरीवर चढले नि तोंड फिरवून उभे राहिले.

एक शब्द बोलले नाहीत. एरवीही कमीच बोलतात, तोतरे आहेत, लढाईत कानाशी तोफ फुटली म्हणतात. खिशातून घड्याळ काढलं, झाकण उघडून पाहिलं, मग जमावाकडे पाहिलं, झाकण मिटलं. गळ्याचं बटण सोडलं. काठी पायरीवर दोनदा आपटली. मग कोटाची बाजू नुसती दूर केली. कमरेला पिस्तूल. काढलं नाही. वर तळहात ठेवला आणि हसले.

गेले. आधी मागचे, मग पुढचे. मशाली रस्त्यावर टाकून गेले.

मेजर आत आले, पाणी मागितलं. पेला दातांवर वाजत होता. मी मनात म्हटलं, लढाया मारलेला माणूस, याला काय एवढं?

४ फेब्रु.

आभार मानायला गेलो. "न-नको, पंत," म्हणून दार लावून घेतलं. विचित्र माणूस.

गावाच्या खालच्या अंगाला एक घर जाळलं म्हणतात. खरं खोटं कळत नाही.

किनाऱ्यावर पांडू समोर आला. त्यानं खाली पाहिलं, मी समुद्राकडे. सौ. म्हणते, तोंडावर आणायचं नाही, इथंच राहायचंय आपल्याला. नाही आणत.

२ एप्रिल १९५८, बुधवार

पेटीची खोळ शोधताना ट्रंकेत ही वही सापडली. पानं कोरी आहेत. वाया कशाला घालवायची?

उद्यापासून ग्रामदेव बहिरीची जत्रा. तंबूचा सिनेमा आलाय, मालक मगनशेट. त्याचं आवाजाचं यंत्र आगरदांड्याच्या धक्क्याला उतरवताना हमालांच्या हातून खाडीत गेलं. बोलपट मुका झाला! बापाच्या वेळची जुनी इंग्रजी मुकी चित्रं पेटाऱ्यात होती, ती लावणार. "पंत, तमे पेटी वगाडो ने, पब्लिक खूश!" मी म्हटलं, शेट, मी नायिकेची पदं गायलेला माणूस, तंबूत पेटी बडवू? सौ. म्हणाली, "जा हो. घरात बसून माझंच डोकं खाता." जातोय.

मेजरना म्हटलं, चला, तुमच्या मुलखाचं चित्र आहे. चेहरा एकदम उतरला. "क-कुठलं?" मला काय माहीत कुठलं! डोकं दुखतंय म्हणून आत गेले.

४ एप्रिल, शुक्रवार, पुनव

काय लिहू? अजून विश्वास बसत नाही.

तंबू गच्च. मी पडद्याखाली पेटी घेऊन. चित्र सुरू. डोंगरातलं ठाणं, पांढरा बंगला. आपले लोक म्हणून काळं फासलेले गोरे, चिकटवलेल्या मिशा, एकाची तर लोंबत होती. नायक कोणी एक सुंदर पोरगा. मी मजेत, पेटीवर भीमपलास.

आणि दार उघडून बाहेर आले मेजर.

आमचे मेजर! केस काळे, गाल भरलेले, पण तेच. तोच कोट, तीच पितळी बटणं. मागून कोणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो तं आपला मेजर!" आणि मग पुढचं. देवा रे. पडद्यावर जमाव आला, मशाली घेऊन. मेजर पायरीवर आले. घड्याळ काढलं, झाकण उघडलं, पाहिलं, जमावाकडे पाहिलं, मिटलं. गळ्याचं बटण सोडलं. काठी दोनदा आपटली. कोटाची बाजू दूर केली. हात ठेवला. हसले.

माझी बोटं थांबली. लोक ओरडताहेत, "पंत, पेटी! पेटी वाजवा!" कसली पेटी?

पडद्यावरचा जमाव पळाला नाही. एक दगड आला, मग दुसरा, मग सगळे पायऱ्या चढले. मेजर पडले, टोपी गडगडत खाली आली. मेले. नायक घोड्यावरून नंतर आला, नेहमीप्रमाणे.

मग बायकांच्या बाजूनं कोणाचा तरी आवाज, "गो बाय! आमचे मरद पिच्चरला बघून पलाले व्हते!" आणि तंबू कोसळेल असं हसू. पांडू माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसला होता. उठून गेला.

५ एप्रिल

सकाळी बंगल्यावर गेलो. माझ्याआधी पांडू आणि चार-पाच जण तिथं. पांडू म्हणत होता, "सायेब, पिस्तूल दाखवा." मला वाटलं, आता काहीतरी थाप मारतील. मारायला हवी होती! माणसानं इतकं सरळ असू नये. आत गेले, आणलं, पांडूच्या हातात ठेवलं.

लाकडाचं. काळा रंग, कडेला उडालेला.

पांडू ते हातात फिरवून पाहत राहिला. मग खाली टाकलं नाही, फेकलं नाही, नीट कट्ट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "धा वरसं आमाला फसवलान." निघून गेले सगळे.

मी विचारलं, आणि घड्याळ? मेजरांनी झाकण उघडून दाखवलं. आत काही नाही. काटे कागदावर काढलेले.

मी घरी येऊन नुसता बसलो. तीस वर्षं लोकांना बाई म्हणून फसवलं, चाल शिकलो, नजर शिकलो, दुसऱ्या कंपनीतला नट पाठमोरा ओळखायचो, आणि शेजारी राहणारा नट दहा-बारा वर्षं मला कळला नाही! थू माझ्या धंद्यावर! सौ. हसायला लागली. मग रडायला लागली. म्हणाली, "अहो, म्हणजे आपण त्या दिवशी लाकडावर वाचलो."

६ एप्रिल, रविवार

संतापाच्या भरात गेलो, ओरडायचं ठरवून. ओरडलोही. मेजर असल्याचं सोंग आणायची लाज नाही वाटली?

ते म्हणाले, मी कधी म्हटलं? आठवून पाहिलं. खरंच, कधीच नाही. आम्हीच म्हटलं.

मग सांगितलं. अडखळत, थांबत, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. मी मध्ये बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा, सौ. म्हणेल.

तिकडे त्यांच्या मुलखात समुद्रकाठच्या गावात नाटकात होते, तोतरेपणामुळे भाले धरून उभे राहायची कामं. मग सिनेमा आला. मुका. तिथं जीभ लागत नाही, चेहरा लागतो. तो यांच्याकडे होता. बटलर, पाद्री, डॉक्टर, तुरुंगाचा जेलर, आणि मेजर. नायक कधी नाही. "लोक रस्त्यात थ-थांबवायचे, पंत. चेहरा ठाऊक. नाव एकालाही नाही." खास काम म्हणजे मरायचं. पायऱ्यांवरून, घोड्यावरून, खुर्चीत बसून. सांगताना डोळे चमकले, मला दोन प्रकार करूनही दाखवले. काय पडतो हा माणूस, या वयात! मी टाळी दिली. नट तो नट.

मग चित्रं बोलायला लागली. आवाजाच्या परीक्षेला नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हणायचं होतं. म्हणून होईपर्यंत अर्धे लोक चहाला उठून गेले. त्याच दिवशी संपलं.

इकडे अजून मुकी चित्रं निघत होती म्हणून मुंबईत आले. जंजिऱ्याच्या किल्ल्याजवळ एका चित्रात फिरंगी कप्तान झाले, तेही मेले. मग इथलीही बोलायला लागली, मुंबईत बरीच वर्षं पडेल ते काम केलं. पारशाला बंगल्यासाठी राखणदार हवा होता म्हणून पुन्हा आगरदांड्याला उतरले तेव्हा धड कपडा म्हणून तो कोटच होता. धक्क्यावरच्या माणसांनी सलाम ठोकला, मेजरसाब! "मी सलाम प-परत केला. बस. एवढंच."

मी शेवटी विचारलं. चित्रात तर जमाव थांबत नाही. तुम्हाला मारतात. मग आमच्या दारात तेच का केलंत?

खुंटीवरच्या कोटाचं एक पितळी बटण त्यांनी अंगठ्यानं पुसलं.

"म-मला दुसरं येत नव्हतं."

घरी आलो. जेवण गेलं नाही. म्हणजे त्या दिवशी त्यांना ठाऊक असलेला शेवट तोच होता. दगड, पायऱ्या, टोपी. आणि तरी आमची पायरी चढले. म्हणून पेला दातांवर वाजत होता. सगळी सोंगं आणता येतात, धैर्याचं येत नाही, असं मी आयुष्यभर नव्या पोरांना सांगत आलो. गाढव मी.

७ एप्रिल

गावभर हसू. मासळी बाजारात बायका पांडूला, "लाकडाचं पिस्तूल घेतंस काय, दादल्या?" जे दहा वर्षं कोणी तोंडावर आणलं नाही ते आता टोपलीगणिक आणलं जातंय. त्या दिवशी कोण कोण होतं, सगळी नावं बाहेर. मला ऐकवत नाही. मला वाटलं होतं बाहेरचेच जास्त.

दुपारी पांडू आला. ओटीवर बसला नाही.

"पंत, परवा, मंगलवारी, आमी सायबाला मुंबयच्या बोटीवर बसवून देनार. पंचात ठरलाय. खोटा मानूस गावात नको." परवा म्हणाला पण मंगळवार उद्याच. माणसाचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मी म्हटलं, कोणता खोटेपणा रे? तुझं काय घेतलंन त्यानं?

"माजी लाज."

"पांडू, तू पळालास म्हणून मी जिवंत आहे."

हे बोलून गेलो. दहा वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं, आता मारतो की काय. म्हणाला, "मी मशाल धरली व्हती, पंत. मना ठावं हाय, तुमी बघितलेलं." मी होय म्हटलं. "मंग येवडी वरसं बोललाव न्हाय ते?" सौ. आतून म्हणाली, "चहा घेतोस का, पांडू?" तो "न्हाय" म्हणाला आणि गेला.

चहा घेतला असता तर बरं झालं असतं.

मेजरना सांगून आलो. बोटीनं जायला हो म्हणाले. कुठं जाणार? खांदे उडवले. त्यांचं म्हणून तिकडे कोणीही नाही, इथंही आम्हीच. वयानं पाय सुजलेत, भात सौ. पाठवते तेव्हा जेवतात. ट्रंक भरत होते. कोट वर ठेवला होता.

म्हटलं, जायचं नाही. म्हणाले, "पंत, चित्र लोकांनी प-पाहिलंय. आता ते उपयोगाचं नाही."

८ एप्रिल, मंगळवार

बंगल्याच्या पायरीवर बसून लिहितोय.

सकाळी सौ.ला म्हटलं, मी तिथं जाऊन बसणार. म्हणाली, "बसून काय करणार? लुगडं नेसून पद म्हणणार?" लागलं मला. म्हटलं, वेळ आली तर म्हणेन. मी चपला घातल्या तर हीही पदर खोचून मागे. कडी लावायलाही थांबली नाही. म्हटलं, तू घरी थांब. "त्या दिवशी दाराआड होते. पाठ धरली होती माझी महिनाभर. आज बाहेर बसते." पुढे बोलायची सोय ठेवली नाही.

मेजर आत. ट्रंकेवर बसलेत. कोट घातलेला नाही, साधा सदरा. मी विचारलं, पिस्तूल कुठे? पांडूकडे पाठवलंय म्हणतात, पोरांना खेळायला. काय करावं या माणसाला!

भीती वाटतेय. लिहून टाकतो म्हणजे कमी होईल. मला तर त्यांचंही येत नाही. घड्याळ नाही, काठी नाही. मला येतं ते नायिकेचं, डोळे पुसणं आणि वाट पाहणं.

सुरूच्या बनातून येताना दिसताहेत. बरेच आहेत. पांडू पुढे. खाली बघून चालतोय. हातात काहीतरी आहे, काळं, लहान. तेच असावं. परत द्यायला आणलं की तोंडावर फेकायला, इथून कळत नाही.

सौ. सरकून माझ्या शेजारी बसली, पायरी पुरती अडली.

आतून मेजर विचारताहेत, "क-किती जण आहेत, पंत?"

मी मोजायला लागलो, तर सौ. म्हणाली, "सांगा त्यांना, आपण तिघं."