कॅसेटमधून काढायचा फोटो

दादा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. तुमच्यानंतर स्टुडिओ ह्यांनी चालवला आणि ह्यांच्यानंतर मी, तुमची लेक, चालवते. आठ महिन्यांपूर्वी नगरहून एक जुना कॉम्प्युटर घेतला. त्यात एक कार्ड आहे. व्हीसीआरची वायर त्यात खोचली की लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरते आणि चालत्या चित्रातला हवा तो क्षण फोटो म्हणून काढता येतो, असं दुकानदार म्हणाला होता. 'इम्पोर्ट' लिहिलेलं बटण दाबायचं, बास. त्या बटणाचा मला अजून राग येतो.

गेल्या महिन्यात एक बाई आली. पाथर्डीकडची, पंचविशीची. तिची आई ऊसतोडीला इकडे आली होती, ती फडाजवळच्या पाचटाच्या कोपीतच वारली. पाच दिवसांनी प्रवरेवर दहावा होता आणि खुर्चीवर ठेवायला फोटो नव्हता.

"मावशी, जलमात फोटो काढला न्हाई तिनं. ह्या कॅसेटीत हाय, माझ्या लग्नाच्या. पंगतीत बुंदी वाढतीय."

"मतदानाच्या कार्डावर असेल की."

"हाय, पर नुसता काळा पदर दिसतोय. बाप म्हनला, ही कोन? हिच्याशी म्या लगीन न्हाई केलं." ती हसली आणि स्वतःच्या पदरानं डोळे पुसले.

मी कॅसेट टीव्हीवर लावली. बुंदीची बादली कमरेला धरून एक वाळकी बाई चालली आहे. कॅमेरावाला काहीतरी बोलतो, ती मान वर करते आणि खळखळून हसते. पाच सेकंद असतील. मी म्हणाले, परवा ये, फोटो तयार ठेवते.

कॉम्प्युटरवर मात्र रंगच येईनात. करडं चित्र सुपात पाखडल्यासारखं वर-खाली उडायचं. तरी बटण दाबलं की अल्बममध्ये एक काळा चौकोन यायचा. नगरला फोन लावला.

"मावशी, ड्रायव्हर परत टाका."

"तीनदा टाकला."

"मग कॅसेट खराब असंल."

"टीव्हीवर चांगली दिसते."

"मग बसवताना नारळ फोडला न्हवता का?" त्याच्या मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी फोन ठेवला. हे असते तर तो असं बोलला नसता, एवढंच तेव्हा मनात आलं.

तुम्ही शिकवलं होतं तसं मी आधी स्वतःचा हात तपासला. आईचा दुपारचा स्वयंपाक आटोपला की खिडकीला गोधडी लावून तुम्ही तिथंच फोटो धुवायचात. मी दहा वर्षांची असेन. लाल दिव्यात कागदावर नवरीचं तोंड उमटायला लागलेलं आणि मी ते घाईनं ट्रेमधून उचलते. तुम्ही ओरडत नाही. "घाई तुला हाय, फोटोला न्हाई," एवढंच म्हणता आणि तो अर्धवट कागद माझ्या हातात ठेवता. मला ओरडलेलं चाललं असतं.

म्हणून मी स्पिरिटनं व्हीसीआरचं हेड पुसलं, वायरी बदलल्या, कार्ड काढून परत बसवलं. दर वेळी कॅसेट त्याच जागी न्यायची, ती हसते तिथं पॉज करायची आणि एकेक खटपट करून बघायची. एकदा तर ती तशीच थांबवून मी भाकरी थापून आले. परवाचा दिवस गेला. ती येऊन रिकामी गेली. तिला म्हणाले, मशीन बिघडलंय.

चौथ्या दिवशी कार्डाचं इंग्रजी पुस्तक घेऊन बसले. माझी शाळा चौथीत सुटली हे तुम्हाला माहीत आहे. इंग्रजी अक्षरं मी तुमच्या फोटो धुवायच्या औषधांच्या पुड्यांवरून शिकले. "काय वाचतीस गं, त्यात काय गोष्ट हाय व्हय?" असं तुम्ही चिडवायचात. डिक्शनरी मांडीवर घेऊन शेवटच्या पानांपर्यंत गेले, तर तिथं देशांचा तक्ता. टीव्हीच्या चित्राची पद्धत देशादेशांत वेगळी असते. आमचा कॉम्प्युटर अमेरिकेच्या पद्धतीवर लावलेला होता. नुसता देश बदलायचा होता. बदलला आणि पिवळे फेटे, हिरवा मांडव, सगळं स्वच्छ उमटलं. मी एकटीच मोठ्यानं हसले.

मग ती जागा आली. मान वर होते आणि तोंडावरून पांढऱ्या रेघांचा फराटा जातो. मागे नेलं, पुढे नेलं. टीव्हीवरही तेच. पॉज केलं तरी हेड त्याच जागी फिरत राहतं आणि फीत घासते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. फार वेळ पॉज करू नका, असं हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, मी शेजारी उभी राहून ऐकायचे.

आधीच्या क्षणाचा फोटो काढून दिला. त्यात ती वाकून वाढते आहे, एका बाजूचा गाल तेवढा दिसतो.

"हसतीय त्यो न्हाई निघाला?"

"कॅसेट तिथं आधीच खराब होती."

"तरी म्हनलं! कार्टी आजीला बघायला सारखी तिथंच थांबवायची. घरी गेल्यावर बघतेच एकेकाला." तिनं फोटो छातीशी धरला आणि माझ्या पाया पडली.

तुमच्या हातून पुणतांब्याच्या लग्नाचं रीळ वाया गेलं, तेव्हा तुम्ही मला सायकलवर मागे बसवून त्यांच्या घरी गेला होतात. "माज्या हातून गेलं," म्हणालात आणि खाली मान घालून शिव्या ऐकल्यात. मला कशाला नेलंत, हे तेव्हा कळलं नव्हतं.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, म्हणूनच लिहायला सोपं गेलं. दहावा झाला. ती दोनदा कॅसेट मागायला आली. दोन्ही वेळा मी सांगितलं, अजून प्रयत्न चाललाय, हसतानाचा निघेल कदाचित. कुठलाही प्रयत्न चाललेला नाही, दादा. कॅसेट घरी लावली तर पोरं सांगतील की आम्ही दिली तेव्हा आजी स्वच्छ दिसत होती, म्हणून ती मी कपाटात ठेवली आहे.