कँटीनच्या भिंतीवरील छायाचित्र खाली घेण्याबाबत

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
शहर बस सेवा, पूर्व आगार.

विषय : अर्जदार चालकाचे कँटीनच्या भिंतीवरील छायाचित्र खिळ्यावरून खाली घेऊन पुन्हा कोठेही न टांगण्याबाबत, तसेच अभिनंदनपत्र रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले अभिनंदनपत्र, 'कर्तव्यदक्ष चालक'.
२) अर्जदाराचा पूर्वीचा अर्ज, 'छायाचित्र काढण्याबाबत', व त्यावर झालेली कार्यवाही.

महोदय,

१. प्रथम संदर्भ क्र. २ विषयी खुलासा करणे भाग आहे. 'कँटीनमधील छायाचित्र काढावे' अशी विनंती अर्जदाराने पूर्वी केली होती. कार्यालयाने ती तत्परतेने मान्य केली आणि दुसऱ्याच दिवशी छायाचित्रकार पाठवून, अर्जदार डबा खात असताना, कँटीनमध्ये त्याचे छायाचित्र काढले. तेही आता पहिल्याच्या शेजारी लावण्यात आले आहे. त्यात अर्जदाराच्या तोंडात घास आहे. सबब या वेळी 'काढणे' हा शब्द टाळला. 'उतरवणे' लिहायचे मनात होते, परंतु आस्थापना शाखेतील लिपिकबाई म्हणाल्या, "अहो, त्याचाही तोच अर्थ होतो. पूर्वी लोक फोटो उतरवूनच घ्यायचे." म्हणून विषय लांबला आहे. क्षमा असावी.

२. अभिनंदनपत्रात असे म्हटले आहे की, 'मोर्चेकऱ्यांनी शहर वेठीस धरले असताना, कोणत्याही दबावाला भीक न घालता, अर्जदाराने जिवावर उदार होऊन हिंसक जमावास पोलीस मैदानापर्यंत पोहोचवले.' या वाक्यात खरे एवढेच आहे की बस अर्जदाराने चालवली. बाकी काय घडले ते आजवर कोणी विचारले नाही आणि अर्जदारानेही तोंड उघडले नाही. ते आता सविस्तर निवेदन करीत आहे.

३. शेअर बाजारापुढच्या चौकात काही तरुण मुलेमुली कित्येक आठवडे ठाण मांडून बसली होती, हे आपणास ठाऊक आहेच. त्यांचे म्हणणे एवढेच, की शहर राबून चालवायचे सगळ्यांनी आणि त्याची मलई खायची मूठभरांनी, हे आता पुरे. पुढे इस्पितळातील कर्मचारी, शिक्षक, सफाई कामगार अशा एकेका संघटनेने ठरवले की या मुलांच्या पाठीशी उभे राहायचे आणि सगळ्यांनी मिळून मोर्चा काढायचा. आपल्या चालक-वाहक संघटनेचीही आगाराच्या फाटकापाशी सभा झाली. सचिव म्हणाले, "पोरं आपलंच दुखणं बोलतायत. ज्याची सुट्टी त्यानं मोर्च्यात यायचं, ज्याची पाळी त्यानं गाडीवर. पण धरलेली माणसं आपल्या गाडीतून वाहायची नाहीत. कुणीही नाही." ठरावाच्या बाजूने अर्जदाराने हात वर केला. उत्साहाच्या भरात दोन्ही केले. शेजारच्याने एक खाली ओढला.

४. मोर्च्याच्या दिवशी अर्जदार पाळीवर होता. पुलावर मोर्चा अडवून धरपकड सुरू झाली आणि पोलिसांना गाड्या कमी पडल्या. त्यांनी पुलाअलीकडे खोळंबलेल्या आपल्या बसगाड्यांतून प्रवासी उतरवले व चालकांना पुलावर गाड्या घेण्यास फर्मावले. अर्जदाराच्या मागच्याच गाडीवर, आगारात जिला सगळे मामी म्हणतात ती चालक होती. तिने किल्ली काढली, कमरेला खोचली आणि खाली उतरून पदपथाच्या कडेला बसली.

"गाडी बंद पडली," ती म्हणाली.

"अशी कशी पडली?"

"तिला विचारा."

तिच्या मागच्या गाड्याही मग एकामागून एक बंद पडल्या. अर्जदाराचाही हात किल्लीवर गेला होता, महोदय. तेवढ्यात एक अधिकारी त्याच्या खिडकीशी आले. त्यांनी दम दिला नाही की काठी आपटली नाही. ते म्हणाले, "साहेब, जरा पुढे घेता का?"

वर्दीतल्या माणसाने अर्जदारास 'साहेब' म्हणण्याची ही उभ्या नोकरीतील पहिलीच वेळ. एवढा मान देऊन विचारताहेत, नाही कसे म्हणायचे, असे त्यास वाटले आणि पाय आपसूक पेडलवर गेला. 'दबावाला भीक न घालता' असे आपण लिहिले आहे. दबाव नव्हताच. एका 'साहेब' शब्दावर अर्जदार विरघळला. आरशात मामी दिसली. तिने शिवी हासडली असती तरी चालले असते. तिने नुसते तोंड फिरवले.

५. पुलावर धरलेली माणसे पुढच्या दाराने चढू लागली. त्यांत अर्जदाराची थोरली बहीण होती. आई गेल्यावर तिनेच अर्जदारास लहानाचे मोठे केले. पोटाला चिमटा घेऊन शिकवले, चालकाच्या परीक्षेला स्वतः बरोबर आली. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला आहे. दिवसभर चादरी धुऊन तिच्या हातांची कातडी कायम पांढरी पडलेली असते. त्याच हाताने दांडी धरून ती पायरीवर थबकली.

"ओळखीचे आहेत का?" बरोबरच्या महिला पोलिसाने विचारले.

ताईने अर्जदाराकडे पाहिले. अर्जदाराने आरशाकडे पाहिले.

"छे," ताई म्हणाली, "मला दुसरंच कुणीतरी वाटलं." आणि ती अर्जदाराच्या पाठीमागच्याच बाकावर बसली. 'ही माझी बहीण' म्हणण्याऐवजी अर्जदाराने गिअर टाकला.

गाडी निघाल्यावर मागून एक तरुण ओरडला, "ओ ड्रायव्हर, जनाची नाही तर मनाची तरी?" त्यावर ताई म्हणाली, "त्यांचं लक्ष गाडीकडे राहू द्या. गर्दी आहे रस्त्यात." जन्मात प्रथमच ताईने अर्जदाराचा आदरार्थी उल्लेख केला. कानाखाली बसली असती तर एवढे लागले नसते.

६. यानंतर जे घडले ते अर्जदाराने आजवर आगारापासून दडवले. बाजाराच्या थांब्यावर रोजच्यासारखी माणसे उभी होती. एका आजीबाईंनी हात केला. अर्जदाराचे डोके ठिकाणावर नव्हते. हातापायांनी आपले रोजचे काम केले. गाडी थांबली, दोन्ही दारे उघडली. आजीबाई दोन पिशव्यांसह चढल्या. ताब्यातल्या एका मुलीने उठून त्यांना जागा दिली. पोलीस सगळे पुढच्या दाराशी त्यांच्यामागून चढू पाहणाऱ्यांना अडवण्यात गुंतले होते. मागचे दार सताड उघडे होते, बाहेर बाजाराची गर्दी, पळायला मोकळा रस्ता. पण एकही माणूस उतरला नाही. पोलीस खेकसले तेव्हा अर्जदार भानावर आला आणि त्याने दारे लावली. आजीबाई पोलीस मैदानापर्यंत आल्या आणि "हा कुठला नवा थांबा?" असे विचारीत उतरल्या. अभिनंदनपत्रात त्यांचा उल्लेख नाही.

७. त्यानंतर छायाचित्र लागले. कँटीनमध्ये अर्जदारास कोणी टोचून बोलत नाही, हेच अवघड आहे. तो बसला की टेबलावरच्यांचे चहा संपतात. नवीन भरतीच्या चालकांना प्रशिक्षक छायाचित्रापुढे उभे करून सांगतात, "असं व्हायचं." मागे एकाने विचारले, "यांनी काय केलं?" प्रशिक्षक म्हणाले, "काही झालं तरी यांनी गाडी थांबवली नाही." अर्जदार त्या वेळी हात धूत होता. तो बराच वेळ हात धूत राहिला.

८. ताई सुटून आल्याचे कळूनही अर्जदाराला तिच्या घरी जाण्याचे धैर्य होईना. शेवटी तो गेला. ताई भरदिवसा घरी बसलेली दिसली. 'कामाला नाही गेलीस?' असे विचारल्यावर तिने इस्पितळाची नोटीस पुढे केली. हिंसक जमावात सामील होऊन बसमध्ये दंगा केल्याच्या आरोपावरून ती निलंबित झाली होती, आणि पुरावा म्हणून आपले अभिनंदनपत्र जोडले होते. 'जिवावर उदार', 'हिंसक जमाव' या शब्दांखाली तांबड्या रेघा होत्या. महोदय, ज्या कागदाने अर्जदार भिंतीवर चढला, त्याच कागदाने त्याची ताई रस्त्यावर आली होती.

अर्जदाराने मान खाली घालून विचारले, "बाजारात दार उघडलं होतं. मग उतरली का नाहीस?"

"उतरले असते तर तुझी नोकरी राहिली असती?"

"पण बाकीचे?"

ताई चहाचे आधण ठेवत होती. तिने मागे वळून पाहिलेही नाही. "पोरं उठली होती रे. मीच हळूच म्हटलं, 'बसा, भाऊ आहे माझा.' बसली बिचारी."

म्हणजे गाडीतल्या सर्वांना ठाऊक होते. मनाची लाज काढणाऱ्या त्या तरुणालाही. ज्यांना अर्जदार कोठडीकडे नेत होता, ती परकी माणसे अर्जदाराची नोकरी जाऊ नये म्हणून उघड्या दारापाशी बसून राहिली. अर्जदार तो चहा कसा प्यायला, ते त्याचे त्यालाच माहीत.

९. गेल्या शुक्रवारी इस्पितळात ताईची चौकशी होती. अर्जदार न बोलावता गेला आणि वर कलम ६ मध्ये लिहिले ते सर्व तेथे सांगितले. चौकशी अधिकारी म्हणाले, "ताब्यातल्या माणसांसाठी तुम्ही दार उघडलंत, हे लेखी देता? नोकरीवर बेतेल."

"देतो."

ताई खुर्चीवरून उठलीच. "साहेब, दार बंद होतं. मी या माणसाला ओळखत नाही. खोटं बोलतोय मेला!"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "बाई, अनोळखी माणसाला कुणी इतक्या हक्काने मेला म्हणत नाही. कोण हा तुमचा?"

ताई खाली बसली. या वेळी अर्जदार बोलला : "मी धाकटा भाऊ. हिनंच वाढवलंय मला. दंगा कुणीच केला नाही, साहेब. त्या गाडीत चुकलेला माणूस एकच होता आणि तो स्टिअरिंगवर होता."

ताईला समज देऊन कामावर परत घेण्यात आले. अर्जदाराचा लेखी जबाब आपल्याकडे पाठवला आहे, असे समजते.

१०. सबब विनंती अशी, की अभिनंदनपत्र रद्द करावे. त्या दिवशीच्या कोणाही मोर्चेकऱ्याविरुद्ध ते वापरले जाऊ नये, असे संबंधितांना आगारातर्फे लेखी कळवावे. ताईसारखे आणखी किती जण घरी बसले असतील, याचा अर्जदारास अंदाज नाही. दोन्ही छायाचित्रे खाली घ्यावीत. अर्जदारावर शिस्तभंगाची जी कारवाई होईल ती त्यास मान्य आहे. मात्र नोटीस कँटीनमधील फलकावर लागण्यापूर्वी भिंत मोकळी व्हावी. एकाच खोलीत आदर्श आणि आरोपी म्हणून एकच इसम टांगलेला बरा दिसणार नाही. शिवाय पुढच्या मोर्च्याच्या दिवशी अर्जदाराची पाळी असल्यास तो रजेचा अर्ज देईल. रजा नामंजूर झाल्यास गैरहजर राहील, हे आधीच कळवून ठेवतो.

११. पुढील मजकूर विनंतीत बसत नाही, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. इस्पितळातून बाहेर पडल्यावर ताईने भर रस्त्यात अर्जदाराची खरडपट्टी काढली. "कुणी सांगितलं होतं तुला शहाणपणा करायला? माझं मी बघून घेतलं असतं." दोघे चालत निघाले. मागून बस आली आणि थांबा नसतानाही शेजारी थांबली. मामी होती. पुलावरच्या त्या दिवसापासून ती अर्जदाराशी अवाक्षर बोलली नव्हती. "या ताई," ती म्हणाली. ताई चढली. अर्जदार खालीच उभा राहिला. मामीने समोर बघतच म्हटले, "चढायचं असेल तर चढ. मला उशीर होतोय." अर्जदार चढला. गाडीत जागा रिकाम्या होत्या, पण तो दांडी धरून शेवटच्या थांब्यापर्यंत उभाच राहिला. दोघींपैकी एकीनेही त्याला बसायला सांगितले नाही, आणि ते योग्यच होते.

सोबत : अभिनंदनपत्र (मूळ प्रत), इस्पितळात दिलेल्या जबाबाची प्रत.

दिनांक : सोमवार, सकाळची पाळी सुटल्यावर.

आपला
(येथे 'आज्ञाधारक' लिहिण्याची पद्धत आहे, ती जागा अर्जदाराने विचारपूर्वक रिकामी ठेवली आहे)

सही
चालक, बाजार मार्ग, पूर्व आगार