खालची खिडकी

३ मार्च
पाव जळला. बाहेरून कोळसा, आतून कच्चं पीठ! अंगणातली ही कुणीतरी वापरलेली, मी विकत घेतलेली चिनी मातीची भट्टी. रांजणाएवढी, झाकणावर तापमानाचा काटा. दोनशेतीसवर काटा आणला, पाव ठेवला, फोन घ्यायला आत गेले. येऊन बघते तर साडेतीनशे.

सासूबाई अंगणाच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या. "आमच्या भट्टीत असं कधी झालं नाही," एवढंच म्हणाल्या. जन्मभर बेकरी चालवली त्यांनी. गुडघे गेले, बेकरी बंद झाली, माझा नवरा त्यांना इकडे घेऊन आला. पण बॅग अजून दाराशी उभी, पट्टे आवळलेली. बेकरीच्या गल्लीत एक खोली बघून ठेवलीय. महिनाअखेर खोलीवाल्याला हो-नाही कळवायचंय. एकट्या राहणार म्हणे! गेल्या वर्षी अशाच एकट्या असताना न्हाणीघरात पडल्या, दूधवाला आला तेव्हा कळलं.

मला त्या इथे हव्यात. तसं तोंडावर म्हणायची सोय नाही, लगेच म्हणतील, "माझी कीव नको." म्हणून ही भट्टी, पावाच्या वासाने तरी रमतील.

५ मार्च
काटाच चुकीचा असेल म्हणून काढून उकळत्या पाण्यात धरला. बरोबर शंभर. काटा शहाणा, मीच वेडी.

८ मार्च
कुठून तरी जास्तीची हवा आत शिरतेय. हवा मिळाली की कोळसा भडकणार, साधी गोष्ट. झाकणाच्या कडेची नमद्याची, जाड लोकरीची, पट्टी झिजलीय – कागद अडकवून झाकण लावलं तर अलगद निघून आला. नवी पट्टी चिकटवली. आता ओढला तर कागद फाटतो, निघत नाही. खूश आहे.

नवरा म्हणाला, "पाव दुकानात मिळतो, कल्पना आहे ना?" त्याला राख उपसायला बसवलं.

९ मार्च
परत साडेतीनशे! पट्टी नवी, राख साफ, झाकणावरची धूर सोडायची चकती किंचित उघडी, तळाशी हवा घ्यायच्या खिडकीला जेमतेम फट. मग? आणि त्या जाड भिंती एकदा तापल्या की गार व्हायचं नाव घेत नाहीत. अख्खी दुपार गेली. रडू आलं, खोटं कशाला लिहू.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "खोलीवाल्याला फोन करायला हवा."

१२ मार्च
सापडलं! काटा दोनशेतीसवर आणला आणि आत गेले, पण आज स्वयंपाकघराच्या पडद्याआड थांबले. सासूबाई काठी टेकत अंगणात. इकडेतिकडे बघितलं. कण्हत वाकल्या आणि खालची खिडकी सताड उघडली.

"आई!"

दचकल्या. मग उलट माझ्यावरच – "कोंडून मारतेस काय तिला? भट्टीला श्वास लागतो."

"रोज उघडत होतात?"

"मग काय, नुसती बघत बसू?"

त्यांची भट्टी विटांची, उघड्या तोंडाची. धग सारखी बाहेर जायची, म्हणून हवा द्यावीच लागे. हिला झाकण आहे, धग आतच राहते. तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "मग आधी बोलायला काय झालं होतं?" मला इतकं हसू आलं की तिथेच फतकल मारली. त्याही हसल्या. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

शेवटी तह झाला. खालची खिडकी त्यांची, वरची चकती माझी. विचारल्याशिवाय कुणी दुसरीच्या हद्दीत हात घालायचा नाही.

१५ मार्च
काटा जागचा हलला नाही. पाव फुगला, तांबूस झाला. सासूबाईंनी बुडाला टिचकी मारून कान लावला. "जमलं." लगेच पुढे – "कोळसा मात्र दमट आहे. तडतडतो, पेटायला नखरे करतो. उघड्यावर कसला ठेवतेस?" झालं सुरू!

बॅग दाराशीच आहे. बघायचं नाही ठरवलं तरी नजर जाते.

३० मार्च
उद्या खोलीवाल्याला कळवायचा शेवटचा दिवस. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. पाव छान झाला होता, मी मात्र माझा तुकडा तसाच झाकून ठेवला.

३१ मार्च
सकाळी दाराशी बॅग नव्हती. अनवाणीच अंगणात धावले. बॅग भट्टीशेजारी, छपराखाली, आणि गळ्यापर्यंत कोळशाने भरलेली. "यात कोरडा राहील," सासूबाई म्हणाल्या.